पाठची

शेंगा उपटणाऱ्या बायकांच्या मागून चालायचं, हे माझं काम. त्या पुढे वाकून वेल उपटतात आणि मी मागे बसकण मारून मातीत तुटून राहिलेल्या शेंगा वेचते. साठी उलटल्यापासून मला उपटायला कुणी घेत नाही, वेचायला घेतात. त्यामुळे दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर नुसत्या पाठी. आणि तुम्हाला खरं सांगते, या गावातल्या बायका मला तोंडावरून ओळखायला क्षणभर वेळ लागतो, पाठीवरून नाही लागत. गवळणीच्या पाठीचा मधला मणका बाहेर आलेला. शिंपीणबाईचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली. धोब्याच्या थोरल्या मुलीच्या मानेखाली भाजल्याचा डाग आहे, तो तिच्या नवऱ्याला तरी ठाऊक आहे की नाही कोण जाणे.

मला ठाऊक आहे, कारण यांच्या बाळंतपणात मी यांच्या पाठीमागे बसलेली आहे. मी सुईण नव्हे बरं का. सुईण पुढे बसते. बाळ तिच्या हातात येतं, नाव तिचं होतं. मी मागे बसते. बाई कळ सोसताना मागे रेलते ती माझ्या छातीवर. तिचे खांदे माझ्या हातात, तिची कंबर माझ्या गुडघ्यांमध्ये. कंबरेत कळ चढली की तळव्याने रेटून धरायचं, ओठ सुकले की घोटभर पाणी द्यायचं, उभं राहावंसं वाटलं की उभं करायचं, खोलीभर फिरवायचं. बाकी बोलायचं काही नाही. आपण सावकाश श्वास घेत राहायचा. तिच्या पाठीला तो कळतो आणि हळूहळू तिचाही श्वास ठिकाणावर येतो. एवढीच माझी विद्या. गावात मला पाठची बाई म्हणतात. नाव होतं मला, पण ते घेणारे सगळे गेले.

एक गोष्ट मात्र मला कधी पचली नाही. बाळ रडलं की सगळे पुढे धावतात. मागे कोण बसलंय ते कुणाच्या ध्यानातही राहत नाही. मांडीखालून पाय काढायलाही कुणी हात देत नाही, मुंग्या उतरेपर्यंत मी तशीच बसून राहते. आणि पुढे महिन्या दोन महिन्यांनी तीच बाई नळावर भेटली की नजर चुकवते, पाठ फिरवते. का? तर कळा सोसताना बाई जे बोलते ते मी ऐकलेलं असतं. सासूला घातलेल्या शिव्या, नवऱ्याचं उणंदुणं, लग्नाआधीच्या कुणाचं तरी नाव. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेय हे त्यांना माहीत आहे. पण ऐकलं तर आहेच ना. ज्या बाईने सात तास माझ्या अंगावर भार टाकला, तीच मला उन्हात उभं असलेलं बघून पदर सावरत निघून जाते. मला याचा फार राग येतो. राग कसला, वाईट वाटतं.

तर त्या दिवशी शेंगांच्या रानात लोहारीण आली, धार लावलेली खुरपी घेऊन. एरवी तिची सून यायची. सुनेला नववा लागला होता, म्हणून सासू आली होती. वारा सुटला होता, गरम आणि कोरडा, आणि माती इतकी आवळलेली की वेलाबरोबर ढेकळंच वर यायची. लोहारणीने सगळ्यांची खुरपी दिली, माझं शेवटी माझ्यासमोर टाकलं.

"ऐक," ती म्हणाली. "माझ्या सुनेच्या बाळंतपणाला तुझी गरज नाही. दवाखान्यात नाव घातलंय."

"मी कुठे म्हणाले, गरज आहे म्हणून?"

"ती तुझ्याकडे येते. मला सगळं कळतं."

"खुरपं द्यायला येते."

"तुझ्याकडे खुरपी आहेत तरी किती? एक. ते महिन्यातून चार वेळा धारेला येतं? खडक खुरपतेस काय?"

ओळीतल्या बायका वाकल्या वाकल्याच हसल्या. हसू मलाही आलं होतं, पण लोहारणीचं तोंड बघून मी ते गिळलं. ती कशाला घाबरतेय ते मला माहीत होतं. तिच्या धाकट्या मुलाच्या वेळी मीच तिच्या पाठीशी होते. कळा टिपेला गेल्या तेव्हा पोटातल्या त्या मुलाविषयी ती एक वाक्य बोलली होती. काय ते तुम्हालाही सांगणार नाही. चोवीस वर्षं झाली, मी ते स्वतःशीसुद्धा म्हटलेलं नाही. पण तो मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, आणि आता त्याचीच बायको माझ्या खोलीत येऊन बसत होती. लोहारणीच्या जिवाला घोर लागणारच.

"तुझ्या सुनेला मी काही सांगितलेलं नाही," मी हळूच म्हटलं.

"सांगण्यासारखं आहे काय तुझ्याजवळ?" ती एकदम खेकसली आणि तरातरा निघून गेली. तीही पाठ मी ओळखते.

सून खरंच येत होती. महिन्यातून चार वेळा नाही, पाच वेळा. बोलणं फार कमी, सासरी तिला गुपचूप म्हणूनच हाक मारायचे. आई चार वर्षांपूर्वी गेलेली, पाठीवर भाऊ नाही की बहीण नाही. नवरा दूर कुठे तरी रस्त्याच्या कामावर, पावसाळ्याशिवाय सुट्टी नाही. पहिल्यांदा आली तेव्हा खुरपं हातात देऊन दारातच उभी राहिली.

"मावशी, फार दुखतं का हो?"

"दुखतं," मी म्हटलं. मी खोटं सांगत नाही. "पण मधे मधे थांबतं. थांबतं तेवढ्यात विसावा घ्यायचा, हेच शिकायचं असतं."

"कसं शिकायचं?"

"घरात भाता कोण ओढतं?"

"मीच."

"मग तुला येतंच की. विस्तव भडकवायचा नसतो, नुसता जिवंत ठेवायचा असतो, तेव्हा कसा ओढतेस?"

तिने हवेतच हात वर नेला आणि सावकाश खाली आणला. मी तिला खाली बसवलं आणि तिच्या पाठीला पाठ लावून बसले. दोघींनी मिळून तसा भाता ओढला, बराच वेळ. जाताना तिने विचारलं, "तुम्ही येणार ना?"

"तुझी सासू मला दारात उभी करणार नाही."

"पण तुम्ही येणार ना?"

"येईन," मी म्हणून बसले. दिलेला शब्द खाली पडू द्यायची मला सवय नाही. त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला.

लोहारीण रानात येऊन गेली त्याच्या चौथ्या दिवशी, न्याहारी नुकतीच झाली होती, रस्त्याने धुरळा उडवत टेम्पो गेला. मागे फळीवर लोहारीण बसलेली आणि तिच्या शेजारी सून, दोन्ही हातांनी कठडा धरून वाकलेली. मला तिचं तोंड दिसलं नाही. पाठ दिसली आणि कळलं, सुरू झालंय. मी शेंगांची पाटी गवळणीच्या पुढ्यात ठेवली आणि बांधावरून चालायला लागले.

"अगं, कुठे निघालीस? तुला आत कोण घेणार?" गवळण ओरडली.

"नाही घेतलं तर पायरीवर बसेन," मी म्हटलं.

दवाखाना दोन कोसांवर. वारा तोंडावर येत होता, दातात माती करकरत होती. पोहोचले तेव्हा माझ्या अंगावर अर्धं शेत होतं. दोन खोल्यांचा दवाखाना, पुढे पत्र्याखाली ओटा, ओट्यावर टेबल आणि टेबलामागे नर्सबाई. दोन महिन्यांपूर्वीच बदलून आलेली, एकटीच असायची. डोळे रात्रपाळीने सुजलेले. आधीचे रुग्ण उरकून आत्ता कुठे यांचं नाव लिहायला बसली होती, समोर जाडजूड रजिस्टर.

"आत एकच बाई थांबेल," ती लिहिता लिहिता म्हणाली. "कोण थांबणार?"

"मी. सासू," लोहारीण म्हणाली.

"तुम्हाला नाही विचारलं. पोट कुणाचं दुखतंय? तिला विचारलंय. बोल गं, सोबत कोण आणि नातं काय?"

सून दाराची चौकट धरून वाकली होती. मी पायरीशी उभी आहे हे तिने कधी पाहिलं कोण जाणे. तिने एक हात सोडवला, सासूला ओलांडून माझ्याकडे केला आणि म्हणाली, "पाठची..."

पुढचा 'बाई' कळेत गेला. दातांवर दात आवळून ती चौकटीला लोंबकळली.

"पाठची बहीण," नर्सबाई मोठ्याने म्हणाली आणि लिहूनही मोकळी झाली. "कुठे आहे ती?"

मी पुढे झाले. नर्सबाईने मान वर केली. माझे पांढरे केस बघितले, तोंडावरची माती बघितली, मग सुनेकडे बघितलं.

"ही पाठची?"

"तीच म्हणाली की," मी म्हटलं. यात खोटं कुठे होतं?

"बाई, तुम्ही हिच्या आईच्याही आधी जन्मला असाल."

"मग खोडा."

"खोडता येत नाही. रजिस्टरात खाडाखोड दिसली तर वरचे साहेब मलाच खोडतील."

लोहारणीचा तिळपापड झाला. "अहो, ही हिची कुणी नाही! हिला बहीणच नाही!"

"आता आहे," नर्सबाई म्हणाली आणि रजिस्टर मिटलं. "तुम्ही बाकावर बसा. आणि तुम्ही, धाकट्या बहीणबाई, साबणाने दोनदा हात धुवा. कोपरापर्यंत. नखं दाखवा मला."

मी तीनदा धुतले.

आत लोखंडी खाट, तिच्यावर रबरी कापड, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ आणि खडखडणारा पंखा. नर्सबाई सुनेला म्हणाली, आडवी हो. सून आडवी झाली आणि पहिल्याच कळेला तिचा श्वास फाटला. पोटावर नळी लावून नर्सबाईने बाळाचे ठोके ऐकले.

"ठोके चांगले आहेत ना?" मी विचारलं.

"आहेत."

"मग तिला बसू द्या. माझ्या अंगावर रेलून बसेल. तुम्ही म्हणाल तेव्हा निजवते."

"काही झालं तर माझ्या नोकरीवर येईल, बाई."

"तुम्ही पुढे आहात. सगळं तुम्हीच बघायचं. मला मागून काहीसुद्धा दिसत नाही, मी नुसती बसते."

तिने माझ्याकडे जरा बघितलं. एकटीने सगळं निभावणाऱ्या बाईला दुसरी तशीच बाई ओळखू येते, असं मला वाटतं. "दर थोड्या वेळाने ठोके ऐकणार मी," ती म्हणाली. "कमी झाले की माझं ऐकायचं. वाद नाही."

"नाही घालणार."

मी खाटेवर भिंतीला टेकून बसले आणि सुनेला पुढ्यात घेतलं. तिची पाठ माझ्या छातीला लागली, घामाने थबथबलेली. मी भाता ओढायला लागले. सावकाश वर, त्याहून सावकाश खाली. चार कळा गेल्या आणि तिचा श्वास माझ्यात येऊन मिळाला. मग कळा आल्या, गेल्या. मधे मी तिला चालवलं, खिडकीचे गज धरून उभं केलं, तिची कंबर रेटून धरली. दुपार कलली. पत्रा तापून आवाज करायला लागला. बाहेर बाकावर लोहारीण खोकत होती, उठत होती, बसत होती.

माझ्या पाठीला भिंत होती आणि ती मला सारखी जाणवत होती. सांगूनच टाकते. मला एक मूल झालं होतं. मी अठराची होते, घरचे सगळे कापणीला गेलेले, गोठ्यात मी एकटी. मागे दगडी भिंत होती. दिवसभर मी तिला पाठ घासली आणि ती शेवटपर्यंत गारच राहिली. बाळ रडलं नाही. दोष कुणाचा नव्हता, असं नंतर सगळेच म्हणाले. पण मला त्या दिवसातलं काय आठवतं, तर ती गार भिंत. माझ्यामागे एखादं ऊबदार माणूस असतं तर बाळ जगलं असतं, असं मी म्हणत नाही. मी एवढी एकटी पडले नसते. पुढे नवराही दुसरं घर करून गेला. तेव्हापासून कुणाला कळा लागल्याचं ऐकलं की मी जाऊन पाठीमागे बसते.

"नाही होत आता," सून म्हणाली. "मावशी, नाही होत माझ्याच्यानं."

मी तिला आणखी घट्ट धरलं. हे शब्द आले की बाळ जवळ आलेलं असतं. नर्सबाईनेही पुढून बघितलं आणि मान हलवली. "आता जोर कर."

"विस्तव भडकव," मी तिच्या कानात म्हटलं. दिवसभरात तिच्याशी बोलले ते एवढंच.

आणि ती गुपचूप पोरगी अशी ओरडली की बाहेरचा टेम्पोवालासुद्धा दचकून उठला असेल. "रस्ता करायला गेलाय म्हणे! आग लागो त्याच्या रस्त्याला! खड्डे पडोत! इथे मी मरतेय आणि हा डांबर ओततोय!"

नर्सबाई हसली, तशीच हसत वाकली आणि तिच्या हातात बाळ आलं. मुलगी. क्षणभर खोलीत काहीच आवाज नव्हता. तो क्षण मला कायम गोठ्यात नेतो. मग ती रडली, चांगली ठसक्यात रडली, आणि माझ्या जिवात जीव आला.

पुढे नेहमीचंच. लोहारीण आत आली. बाळ, नाळ, टॉवेल, गरम पाणी. सून पुढे वाकून बाळाकडे बघायला लागली आणि माझ्या छातीला एकदम गार हवा लागली. सात तास तिथे एक माणूस होतं. मला पाय हलवता येईना. कुणाचं लक्ष नव्हतं. मी भिंतीला टेकून मुंग्या उतरायची वाट बघत बसले.

लोहारीण हळूच माझ्यापाशी आली. "ओरडत होती. मला बाहेर नीट कळलं नाही. काय बोलली?"

"काही नाही."

ती तिथेच घुटमळली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "आणि मी... त्या वेळी..."

"मला हल्ली ऐकू कमी येतं," मी म्हटलं. "चोवीस वर्षं झाली, कमीच येतंय."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. आभार वगैरे नाही मानले तिने. हात पुढे केला आणि मला खाटेवरून उतरवलं. आजवर हा हात मला कुणी दिला नव्हता, म्हणून सांगते.

बाहेर नर्सबाईने रजिस्टर पुढे केलं. "सोबतीची सही इथे." मी वळणावळणाने माझं नाव काढलं. शेजारी तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं, पाठची बहीण. मी ते दोनदा वाचलं. वाचता येतं एवढं मला. मग एकटीच बांधावरून घरी आले. वारा पडला होता. खोलीत येऊन भिंतीला टेकून बसले आणि मला रडू फुटलं. आनंदाचं म्हणाल तर आनंदाचं नव्हतं. पोरीला म्हणायचं होतं 'पाठची बाई', लिहिलं गेलं 'बहीण'. चुकून मिळालेलं नातं किती दिवस पुरणार? महिनाभराने हीसुद्धा नळावर येईल आणि पाठ फिरवेल. नवऱ्याच्या रस्त्याला आग लावलेली मी ऐकली होती ना.

आली. सव्वा महिना झाला असेल. नळावर ही रांग. मी हंडा घेऊन मागे उभी होते, नेहमीसारखी. ती बाळाला खांद्यावर टाकून आली, काखेत कळशी. मला बघितलं. नजर खाली घातली. गवळणीने तिला पुढे बोलावून रांगेत जागा दिली आणि ती जाऊन उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून.

चला, मी मनात म्हटलं. ही पण गेली. मी हंड्याच्या काठावरचा पोचा बोटाने चाचपत राहिले.

तिचा नंबर आला. तिने कळशी नळाखाली लावली नाही. मागे न बघताच तिने आवाज दिला, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. गुपचूप पोरीचा एवढा मोठा आवाज मी त्याआधी एकदाच ऐकला होता.

"धाकटे!"

कुणी हललं नाही. कुणाला कळेना कुणाला म्हणतेय ती.

"ए धाकटे, तुलाच म्हणतेय." आता ती वळली. खांद्यावरच्या पोरीची मान हाताने सावरून माझ्याकडे बघत होती, सरळ डोळ्यांत. "ये पुढे. आधी तू भर. लहान आहेस."

बायका खो खो हसायला लागल्या. "अगं, हिचं डोकं फिरलं बाळंतपणात!" गवळण म्हणाली. शिंपीणबाईला तर हसून हसून ठसका लागला. हसता हसता रांग आपोआप फाकली आणि पुढे जायला वाट झाली.

मी साठ ओलांडलेली बाई. मला लहान म्हणून पुढे घालणारं कुणी उरलेलं नव्हतं. मी हंडा उचलला आणि सगळ्यांच्या तोंडांसमोरून चालत गेले.

"भरते गं, ताई," मी म्हटलं.